काड्यांचा हिशेब

स्पेनमधल्या सान सेबास्तियानला जायचं ठरलं तेव्हा आमच्यातल्या सीएचा पहिला प्रश्न होता, "हॉटेलात नाश्ता धरलाय ना?" ज्या गावात लोक उभ्याउभ्या, या दारातून त्या दारात फिरत खातात, तिथे नाश्त्याचे पैसे आधी भरायचे म्हणजे लग्नाला डबा घेऊन जाण्यासारखं. नाही धरला. सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी आम्ही चौघं लंडनहून बिल्बाओला उतरलो, तिथून सव्वा-दीड तास बस. रात्री दहाला जुन्या गावात शिरलो तर गल्ल्या गणपती बघायला निघाल्यासारख्या फुललेल्या.

इथले मूळचे बास्क लोक या शहराला दोनोस्तिया म्हणतात आणि त्यांच्या बारमधल्या खाण्याला पिंचो. पावाच्या तुकड्यावर काहीबाही रचायचं आणि वरून काडी टोचायची. नावच मुळी 'टोचणे' या अर्थाच्या स्पॅनिश क्रियापदावरून आलेलं. काउंटरवर ताटंच्या ताटं मांडलेली असतात. आपण उचलायचं, खायचं, काड्या जपून ठेवायच्या. शेवटी मालक काड्या मोजतो आणि पैसे सांगतो. काही ठिकाणी तर काड्याही नाहीत, नुसतं विचारतात, काय काय घेतलंत?

सीए हादरला. "आणि कुणी कमी सांगितलं तर?"

मला मात्र यात नवल वाटेना. आपल्याकडे वड्याच्या गाडीवरचे काका वेगळं काय करतात? कढईतली नजर न काढता "किती झाले?" एवढंच. आपण म्हणतो, "दोन वडापाव, एक कटिंग." तिथे खोटं बोलायची हिंमत माझ्या कॉलेजातल्या सगळ्यात उडाणटप्पू मुलालाही झाली नव्हती.

इथला मानाचा पिंचो म्हणजे हिल्दा. काडीत ऑलिव्ह, लोणच्यातल्या लांब हिरव्या मिरच्या आणि खारवलेली अँचोव्ही मासळी, पाव नाहीच. रिटा हेवर्थच्या 1946 च्या 'गिल्डा' सिनेमावरून हे नाव पडलं, स्पॅनिश उच्चार हिल्दा. हिरवी, खारट आणि जराशी तिखट, अशी तिची ख्याती. एका घासात सगळं तोंडात घ्यायचं. आधी खारं, मग आंबट, मग मिरचीचा नुसता भास. कोल्हापूरकर मैत्रीण म्हणाली, "याला तिखट म्हणतात?" पण चार खाल्ल्या.

शाकाहारी मित्राची पंचाईत झाली. मासळी काढलेली हिल्दा म्हणजे तोंडी लावणं, जेवण कुठाय? त्याला तारलं गेर्निकाच्या मिरच्यांनी. तेलात तळून वर जाडं मीठ, बस्स. बशी समोर आली तसा तो शेजारी वडा शोधायला लागला.

इथली जाणती माणसं एका बारमध्ये एखादाच पिंचो खातात आणि पुढे सरकतात, कारण ज्याची त्याची खासियत वेगळी. गरम पदार्थ तर काउंटरवर नसतातच, फळ्यावर वाचून मागवायचे. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. पहिल्या रात्री दिसेल ते उचलत आम्ही पहिल्याच बारमध्ये तुडुंब.

31 ऑगस्ट नावाची एक गल्ली आहे. 1813 साली त्या तारखेला इंग्रज-पोर्तुगीज फौजांनी शहर लुटलं आणि जाळलं, त्यातून हीच काय ती बहुतांशी वाचली. त्याच गल्लीत 'ला विन्या'चा वरून काळा जाळलेला चीजकेक मिळतो. (यावर कोटी सुचली होती, पण केली नाही.) मधे खरवसापेक्षा सैल, कडेला बासुंदीच्या पातेल्यातली खरवड. लहानपणी त्या खरवडीवरून भावाशी मारामारी केलेली असल्यामुळे मी माझी बशी कुणाला दिली नाही.

इथल्या खवय्यांच्या सोसायट्यांमध्येही, म्हणजे एकत्र रांधून खायच्या क्लबांमध्येही, असाच विश्वासावरचा कारभार. सभासद स्वतः रांधतात, जे वापरलं ते लिहून ठेवतात आणि पैसे भरतात. या सोसायट्या पूर्वापार पुरुषांच्या. बायकांना स्वयंपाकघरात मज्जाव असायचा. बायकांनी चुलीपासून लांब राहायचं, असा दंडक आमच्या आजीला कुणी वेळेवर सांगायला हवा होता.

शनिवारी रात्री भुरभुर पाऊस होता. तिसऱ्या बारमध्ये सीएने काड्या मोजून दिल्या, अकरा. पैसे दिले, निघालो. गल्लीच्या टोकाला त्याने रुमालासाठी खिशात हात घातला आणि थांबला. मुठीत दोन काड्या.

"जाऊ दे रे," आम्ही म्हणालो. पण तो ऐकतोय? भिजत परत गेलो. गर्दीतून वाट काढून त्याने त्या काड्या पुरावा सादर केल्यासारख्या काउंटरवर ठेवल्या. मालकाने काड्यांकडे पाहिलं, सीएकडे पाहिलं, शेजारच्या म्हाताऱ्याला बास्कमध्ये काहीतरी सांगितलं, दोघं हसले. काड्या त्याने केरात टाकल्या. मग हात डोक्यावर नेऊन, उंचावरून धार धरत, चाकोली वाइनचे चार पेले भरले.

सीए विरघळला. "बघा, प्रामाणिकपणाची कदर आहे इथे!"

पेले संपल्यावर मालकाने चारही पेल्यांचे पैसे मागितले.