‘हाताला कळतंय’ ते ‘थांब’: आमची वाटचाल

माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागातल्या वखारींसाठी झाडं पाडायचे. दोन माणसांची करवत, दोन कुऱ्हाडी, काथ्याचा सोल आणि जोडीला आबा. आबा आमच्या रक्ताचे नव्हेत, पण मला चालायला येण्याआधीपासून ते आमच्या अंगणात जेवत आले. बाभूळ, चिंच, बांधावरचा कडुलिंब, वाळलेला आंबा, काय मिळेल ते काम. शेतकऱ्याशी सौदा तोंडीच व्हायचा. तो म्हणायचा: लाकूड तुमचं, बांध मोकळा करून द्या. पैसे मिळायचे ते वखारीतून. म्हणजे झाड जितकं लवकर खाली, तितकी ती खेप फायद्याची. ही घाई आमच्या धंद्यात पहिल्यापासून होती आणि मी ती मशीनबरोबर पुढे आणली.

पहिली चेन सॉ मी 2003 साली कराडहून जुनी विकत घेतली. आमच्याकडे तिला सगळे ‘कटर’च म्हणतात. वडील आणि आबा ज्या चिंचेला दिवस घालवायचे, ती तासाभरात आडवी होऊ लागली. गावोगावची माणसं बघायला जमायची. पोरं चिपा गोळा करायची. कुणी माझं नाव विचारत नसे, ‘कटरवाल्याला बोलवा’ म्हणत. पंचविशीतल्या माणसाला एवढं पुरेसं असतं. पाच-सहा वर्षांत माझी खात्री झाली की झाडातलं मला सगळं कळतं. कुणी विचारलं, पडायच्या बाजूची खाच किती घेतोस, तर उत्तर ठरलेलं: हाताला कळतंय.

2010 मध्ये पहिली नवीकोरी मशीन घेतली. खोक्यात चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी, चेन, पाना आणि एक जाड पुस्तिका होती. पाना ठेवला, पुस्तिका खोक्यासकट शेडच्या कोपऱ्यात टाकली. त्याच सुमाराला साताऱ्याच्या आयटीआयतून बाहेर पडलेला एकोणीस वर्षांचा एक पोरगा कामाला आला. त्याने ती पुस्तिका उचलली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि हत्यारांच्या पेटीत ठेवली. मला हे कळलं वर्षभराने.

त्या दिवसाबद्दल मी बरीच वर्षं बोलत नव्हतो. सातारा तालुक्यातच, ओढ्याकाठी एक निलगिरी होती, ओढ्याकडे चांगलीच झुकलेली. पडायची दिशा उघडच दिसत होती, म्हणून मी पुढची खाच जेमतेम घेतली. चेन आदल्या दिवशीच्या कामाने बोथट झालेली होती, तरी कानस मारायला थांबलो नाही. पोरगा म्हणाला, “दादा, झुकलेल्या झाडाला असं मागून सरळ कापत गेलं तर ते चिरतं म्हणतात.” मी म्हणालो, “तू दोर धर.” माझा मेहुणा माझ्या मागे डाव्या अंगाला उभा होता. तिथे कुणी उभं राहायला नको होतं, हेसुद्धा मी सांगितलं नाही.

बोथट चेन हळूहळू आत जात होती आणि झाडाचं सगळं वजन पुढे ओढत होतं. अर्ध्या कापाच्या आतच खोड उभं फाटलं. निलगिरीचं लाकूड एकदा चिरायला लागलं की थांबत नाही. मागची फाक माणसाच्या दुप्पट उंचीपर्यंत चिरत गेली, झाड पुढे कोसळलं आणि ती फाक तरफेसारखी मागे उसळली. मेहुण्याच्या खांद्याला तिचा फटका बसला. हाड मोडलं. एक हात उजवीकडे असता तर डोक्यात बसली असती.

दवाखान्यातून रात्री घरी आलो. बायकोने भावाची चौकशी केली, पाणी दिलं आणि एकच प्रश्न विचारला: “तो पोरगा काय सांगत होता तुम्हाला?”

दुसऱ्या दिवशी मी पोराला शेडमध्ये बोलावलं. त्याने पेटीतून पुस्तिका काढली आणि पान उघडून समोर धरलं. झुकलेल्या झाडाचं चित्र होतं आणि पायरी पायरीने कापायची रीत होती. पुढे खाच. मग पट्टी खोडाच्या आरपार खुपसून मधलं लाकूड आधी कापायचं, पुढे बिजागरीपुरतं, म्हणजे झाडाला दिशा धरून खाली नेणारं न कापलेलं लाकूड, आणि मागे पट्ट्याएवढं लाकूड राखायचं. माणूस बाजूला होऊ शकेल अशा जागी उभं राहून शेवटी तो मागचा पट्टा सोडायचा. झाड चिरायला वेळच मिळत नाही, कारण ताण येतो तेव्हा मधलं लाकूड आधीच मोकळं झालेलं असतं. ही माहिती वर्षभर माझ्या शेडमध्ये पडून होती.

त्या पावसाळ्यात आम्ही कामं जवळजवळ बंद ठेवली. पैशाची ओढाताण झाली, ती झाली. शेडमागे ओंडके उभे पुरले आणि त्यांच्यावर सराव केला. रोज संध्याकाळी पोरगा वाचायचा, इंग्रजी अडलं तर चित्रावरून लावायचा, आणि मी वहीत मराठीत लिहून घ्यायचो. खाच खोडाच्या जाडीच्या साधारण पाव भागापर्यंत. बिजागरी जाडीच्या दहाव्या भागाएवढी, दोन्ही टोकांना सारखी. मागचा काप खाचेच्या कोपऱ्यापेक्षा किंचित वर. पळायची वाट मागे तिरकी, आणि ती काप सुरू करण्याआधी साफ केलेली. बाकी सगळी माणसं झाडाच्या दुप्पट उंचीइतकी लांब. मी टेप लावून माझ्या ‘हाताला कळणाऱ्या’ बिजागऱ्या मोजल्या. दहा ओंडक्यांत दहा वेगळी मापं निघाली, आणि बहुतेक ठिकाणी एक टोक पूर्ण कापून गेलेलं.

मशीनच्या बाबतीतही तसंच. मी पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल, झाकणाने अंदाजे ओतायचो, जास्तच. आमच्या मशीनला आणि त्या ऑइलला लिटरमागे 20 मिली पुरे होतं. धूर होणं आणि प्लग काळा पडणं मी मशीनचा स्वभाव समजत होतो.

चेनबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आमच्या धंद्यातला अभिमान सगळ्यात जास्त तिथे अडकलेला असतो. प्रत्येक मशीनवाल्याला वाटतं, चेनला आपल्यासारखी धार कुणी लावत नाही. मलाही वाटायचं. ओळखायची खूण मात्र साधी आहे. कापाखाली चिपा पडल्या तर चेन धारदार, पिठासारखा भुसा पडला तर बोथट. पट्टी एका बाजूला ओढत जात असेल तर उजवे-डावे दात सारखे घासलेले नाहीत. दातासमोरचा जो छोटा टेकू असतो, तो दात किती खोल चावणार हे ठरवतो. मी तो जोरात घासून खाली आणायचो, मशीन ‘खाते चांगली’ म्हणून. तसं केलं की चेन लाकडाला हिसके देते, आणि टोकाच्या वरच्या चतकोराला लाकूड लागलं तर पट्टी डोळ्यांची पापणी लवण्याआधी तोंडाकडे उसळते. चेन ब्रेक त्यासाठीच असतो. माझ्या जुन्या मशीनचा ब्रेक सैल झालेला होता आणि मी तो कधी तपासला नव्हता.

आबा या सगळ्यापासून लांब बसायचे. हेल्मेट पुढे केलं की म्हणायचे, “पन्नास वर्सं झाली, ह्या डोस्क्याला काय झालं न्हाई.” त्यांचा राग मला समजत होता. घाटातली झाडं उतरवलेला माणूस, आणि कालचा पोरगा पुस्तक धरून शिकवतो. पण आबांना जे कळायचं ते पुस्तिकेत नव्हतं. ते कुऱ्हाडीच्या दांड्याने खोडावर ठोकायचे आणि आतून पोकळ आहे की भरीव, ते आवाजावरून सांगायचे. बुंध्याशी अळंबी दिसली की मुळं कुजली असणार म्हणायचे. वर्षानुवर्षं एकाच अंगाने वारा खाल्लेल्या झाडाचं वजन कुठे आहे, ते त्यांना लांबूनच दिसायचं.

मार्ग पोरानेच काढला. एका वठलेल्या आंब्याच्या खोडात आबांनी त्याला भिरूड दाखवलं, बोटाएवढी पांढरी अळी, लाकडात आडवीउभी भोकं पाडत गेलेली. पोरगा म्हणाला, “आबा, आपल्या कटरची चेन अशाच अळीवरून आली.” ती हकिकत खरी आहे. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. 1946 मध्ये लाकडं फोडताना त्याला एका बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी दिसली. ती लाकडाच्या धाग्यांच्या दिशेने आणि आडवीही सहज कापत होती. त्याने तिचे जबडे न्याहाळले आणि तसे डावे-उजवे वळलेले दात चेनला बसवले. आजच्या चेनचं मूळ रूप तेच. आबा बराच वेळ भिरडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे तो पण खाली वाकून बघत हुता.” त्या दिवशी त्यांनी पोराला सोलाची सरकगाठ शिकवली, जी ते मलासुद्धा शिकवायला तयार नव्हते. महिनाभराने हेल्मेट डोक्यावर आलं. कुणी काही बोललं नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती. पाणी उतरल्यावर आम्ही दोन मशिनी आणि सहा माणसं घेऊन नदीकाठच्या गावांत गेलो. उन्मळून पडलेली झाडं घरांवर, गोठ्यांवर, एकमेकांत अडकलेली होती. असं झाड उभ्या झाडापेक्षा धोक्याचं. कुठल्या फांदीवर ताण आहे आणि कुठली दबलेली आहे हे न बघता कापलं, तर फांदी धनुष्यासारखी सुटते किंवा पट्टी चिमटून धरते. दबलेल्या बाजूने आधी थोडं कापायचं, ताणलेल्या बाजूने शेवट करायचा, आणि फांदी सुटेल त्या बाजूला उभं राहायचं नाही, हे आम्हाला तोवर पाठ होतं. पण पहिल्या तासात आमच्या तीन चेन्स बोथट झाल्या. सालीत पुराचा गाळ आणि वाळू मुरली होती. एक म्हातारे शेतकरी बघत होते. म्हणाले, “बाळा, आधी कुऱ्हाडीनं साल काढ की.” तेवढंच. त्यांनी आयुष्यात मशीन धरली नव्हती. आम्ही कापायच्या जागी वीतभर साल काढून टाकू लागलो आणि काम सुरळीत झालं.

त्यानंतर आम्ही ‘लाकूड तुमचं’ हा सौदाच सोडला. आता कामाची मजुरी घेतो आणि लाकूड मालकाचं. त्यामुळे घाई गेली. शेतकऱ्याला पहिल्यांदा हे महाग वाटतं, त्याला समजावून सांगावं लागतं. पाडण्यापेक्षा छाटणी पुरेल असं दिसलं तर तसं सांगतो. मोठी फांदी आधी खालून थोडी, मग जरा पुढे वरून, आणि उरलेला खुंट शेवटी फांदीच्या मुळाशी जी सुजल्यासारखी कड असते तिच्याबाहेर. ती कड शाबूत राहिली तर झाड जखम आपोआप बंद करतं. डांबर फासायची पद्धत आम्ही बंद केली. परवानगीशिवाय झाडाला हात लावत नाही. 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आणि शहरांसाठीचा 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा यांची माहिती पोराने एका कागदावर काढून शेडमध्ये लावली आहे. शहरी भागात 2021 पासून 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे, तेही त्यात आहे. परवानगीच्या आग्रहामुळे कामं जातात. एका मोठ्या ठेकेदाराने तर तोंडावर सांगितलं की दुसरे दहाजण आहेत. असतील.

एवढ्या वर्षांत माझं एक मत बनलं आहे. नवखा माणूस भितो, म्हणून तो ऐकतो. तीन-चार वर्षं मशीन धरलेला माणूस सगळ्यात जास्त धोक्यात असतो, कारण त्याला अजून काही झालेलं नसतं. माझ्याकडून शिकून गेलेला एक जण असाच स्वतंत्र झाला. चड्डीवर, पायात चपला घालून तो गुलमोहराच्या फांदीवर चढून एका हाताने मशीन चालवतो. मी दोनदा जाऊन बोललो. तिसऱ्यांदाही जाणार आहे. मशीनवाल्यांसाठी जी पँट मिळते, तिच्यात लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की धागे ओढले जाऊन मशीनमध्ये गुंततात आणि ती जागेवर थांबते. एप्रिल-मेमध्ये ती घालून उकडतं, हे मान्य. म्हणून उन्हाळ्यात आम्ही साडेसहाला सुरू करतो आणि अकराला थांबतो.

आज आम्ही नऊ जण आहोत. तो पोरगा आता मुकादम आहे, दोन मुलांचा बाप. आबा कामावर येत नाहीत, पण मोठं झाड असलं की त्यांना टेंपोतून नेतो. खुर्ची टाकून बसतात, ठोकून बघतात, मगच मशीन चालू होते. ‘थांब’ म्हणायचा हक्क सगळ्यांना आहे, काल आलेल्या पोरालाही. हाक आली की मशीन बंद, मग विचारायचं काय झालं. गेल्या महिन्यात यवतेश्वर रस्त्याला मी स्वतः काप घेत असताना सगळ्यात लहान पोराने थांबवलं. पानांत आग्या मोहोळ होतं, मला दिसलं नव्हतं. झाड तसंच उभं ठेवून परत आलो.

मेहुण्याचा खांदा भरून आला आहे, थंडीत दुखतो. तो हिशेब बघतो आणि कामावर गेला की सगळ्यांच्या उभ्या राहायच्या जागा तोच ठरवतो.

माझ्या त्या वहीच्या प्रती आम्ही काढून ठेवल्या आहेत. दर रविवारी दुपारी तीनला शेडमध्ये चेनला धार लावायला बसतो. सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, कुठलेही मशीनवाले असोत, आमच्याकडे काम करणारे असोत वा नसोत, यावं. चेन काढून आणू नका, मशीनसकट आणा, ब्रेकही बघून देतो. कानशी आमच्याकडे आहेत.