हे जुनं नव्यावर चालेल का हो?

नवीन कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, येणार अशी बातमी आली की लोक ग्राफिक्स कसे असतील, एसएसडी केवढी, फोरकेमध्ये किती एफपीएस वगैरे विचारतात, मी मात्र पक्का मध्यमवर्गीय असल्यामुळे माझा पहिला प्रश्न ठरलेला, आहे ते चालेल का. म्हणजे कपाटात ज्या डिस्क पडल्यात, ज्या रिमोटांवर पैसे घातलेत आणि अकाउंटवर जे काही किडूकमिडूक विकत घेऊन ठेवलंय ते पुढे येणार की इथेच राहणार. आणि इतकी वर्षं हा प्रश्न विचारून माझं एक मत झालंय ते असं, की डिस्क कशीबशी का होईना जगते, अ‍ॅक्सेसरी बिचारी लवकर जाते, आणि एक्स्ट्रा कंटेंट कधी गेला ते तर कळतसुद्धा नाही.

गंमत म्हणजे सगळ्यात जास्त कम्पॅटिबल, म्हणजे कोणाचंही चालवून घेणारं, मशीन मी वापरलं ते लहानपणी, आणि ते होतं नकली. नव्वदच्या दशकात घरोघरी तो टीव्ही गेम असायचा ना, पिवळ्या कॅसेटवाला, तो म्हणजे निन्टेन्डोच्या 1983 मधल्या फॅमिकॉमची कॉपी. डब्यावर नाव काहीही असो, आत सगळ्यांनी एकच मशीन ढापलेलं असल्यामुळे कोणाचीही कॅसेट कोणाच्याही मशीनला बसायची, तिसऱ्या मजल्यावरची कॅसेट तळमजल्यावर चालायची, नाही चाललीच तर काढायची, खालच्या पट्टीवर फुंकर मारायची, परत घालायची. "9999 इन 1" असं लिहिलेलं असायचं आणि आत तेच मोजके गेम नावं बदलून फिरून फिरून यायचे हा भाग वेगळा. पण कम्पॅटिबिलिटी शंभर टक्के! ओरिजिनल कंपन्यांना पुढे कधी जमलं नाही ते चोरांनी करून दाखवलं असं मी म्हणतो, बायको म्हणते काहीही बोलू नकोस.

त्याच्याबरोबर एक गन यायची, बदकं मारायची. ती गन कशी चालते हे मला मोठेपणी कळलं आणि तेव्हापासून ती बनवणाऱ्या माणसांबद्दल आदर वाटतो. गनमधून काही निघतच नाही, उलट गनच्या नळीत उजेड ओळखणारा सेन्सर असतो. आपण घोडा दाबला की टीव्ही क्षणभर पूर्ण काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, गनला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर बदक पडलं. (बल्बवर नेम धरला की बदक मरतं असं आमच्या गल्लीत सगळे छातीठोकपणे सांगायचे, पण आधीचा अंधार तपासला जातो म्हटल्यावर ते चालणं अवघडच.) आता हा सगळा हिशोब बसवलेला होता जुन्या डब्बा टीव्हीवर, पिक्चर ट्यूब ज्या वेगात रेषा ओढते त्यावर. एलसीडी आला, चित्र काही मिलिसेकंद उशिरा दिसायला लागलं, आणि गन आंधळी झाली. म्हणजे बघा, गन शाबूत, मशीन शाबूत, कॅसेट शाबूत, पण घरातला टीव्ही बदलला म्हणून अ‍ॅक्सेसरी मेली. यात कोणाला दोष देणार.

डिस्कचं त्या मानाने बरं चाललं. पीएस टू, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन टू, 2000 साली आला तेव्हा त्यात पीएस वनच्या डिस्क सरळ चालायच्या, कारण पीएस वनचा मुख्य प्रोसेसरच त्यांनी आत वरकामाला ठेवला होता, एरवी तो रिमोट, मेमरी कार्ड वगैरे सांभाळायचा आणि जुनी डिस्क घातली की परत मालक. फक्त एक खोच होती, जुना गेम सेव्ह करायला जुनंच मेमरी कार्ड लागायचं. पीएस टूचं कार्ड 8 एमबीचं, पीएस वनचं 128 केबीचं, म्हणजे चौसष्ट पट मोठं कार्ड शेजारच्या खाचेत बसलंय आणि गेम म्हणतोय मला तेच लहान पाहिजे. आमच्याकडे नवीन मशीनच्या डब्यात ते जुनं राखाडी कार्ड कायम पडलेलं असायचं, आईने कितीदा तरी भंगारात टाकायला काढलं असेल आणि मी कितीदा तरी परत उचलून आणलं असेल.

पीएस थ्रीने तर 2006 मध्ये सुरुवातीला पीएस टूच्या चिपाच आत बसवल्या होत्या, मग महाग पडतंय म्हणून आधी एक काढली, मग दुसरी पण काढली. पीएस वनच्या डिस्क मात्र शेवटपर्यंत चालत राहिल्या, म्हणजे त्याहून जुनं चालतं, मधलंच चालत नाही! पीएस फोरवर पीएस थ्रीची डिस्क चालत नाही कारण आतलं सगळंच वेगळं, आणि पीएस फाईव्हवर पीएस फोरचं जवळजवळ सगळं चालतं. यात लॉजिक शोधायला जाऊ नये, खर्च आणि सोय एवढंच असतं.

एक्सबॉक्सवाल्यांनी केलं ते मला जास्त आवडलं. 2015 मध्ये त्यांनी सांगितलं की जुन्या एक्सबॉक्स 360 चे गेम नव्या एक्सबॉक्स वनवर चालतील, पण जुनी डिस्क आत घातली की मशीन ती नुसती ओळखतं आणि अख्खा गेम इंटरनेटवरून उतरवून घेतं. म्हणजे डिस्क हे आता रेशन कार्ड झालं, कार्डात काही धान्य नसतं पण ते दाखवल्याशिवाय मिळत पण नाही. असे 600 हून जास्त जुने गेम त्यांनी आणले आणि 2021 च्या नोव्हेंबरमध्ये शेवटची यादी काढून थांबले, म्हणाले आता लायसन्स आणि कायद्याच्या अडचणी आहेत. त्या यादीत काय नाही ते बघा, किनेक्ट लागणारे गेम. टीव्हीखाली कॅमेरा ठेवून आपण समोर उड्या मारायच्या ते किनेक्ट, सेन्सरच बदलला म्हटल्यावर ते गेम आणणार कसे. परत तेच, डिस्क तरली आणि अ‍ॅक्सेसरी बुडाली.

आणि मग व्हीआर, म्हणजे डोक्याला हेडसेट लावून गेमच्या आत शिरायचं ते.

पहिला पीएस व्हीआर ऑक्टोबर 2016 मध्ये आला आणि मला त्याचं कौतुक यासाठी, की तो बराचसा जुन्या सामानावर उभा होता. हातात धरायचे ते मूव्ह कंट्रोलर, टोकाला रंगीत चेंडू असलेले, ते तर 2010 मध्ये पीएस थ्रीसाठी आले होते, लोकांनी थोडे दिवस खेळून माळ्यावर टाकले होते, आणि सहा वर्षांनी अचानक सगळे माळ्यावर चढले. चार्जिंगला ती जुनी मिनी यूएसबी, तिची वायर आता कोणाच्या घरात सापडते, पण चेंडू पेटला आणि कॅमेऱ्याने ओळखला की झालं. मेलेली अ‍ॅक्सेसरी जिवंत होताना मी ही एकदाच बघितली.

वायरींचं मात्र विचारू नका. कन्सोलमधून एचडीएमआय निघणार ती एका वेगळ्या डब्यात जाणार, त्या डब्यातून दुसरी एचडीएमआय टीव्हीला, डब्याला वेगळा पॉवर, डब्यातून यूएसबी परत कन्सोलला, कॅमेऱ्याची वायर वेगळी, आणि या सगळ्यातून शेवटी हेडसेटची जाडजूड वायर हॉलभर पसरलेली. त्यात पहिल्या मॉडेलचा डबा एचडीआर पुढे जाऊ द्यायचा नाही, म्हणजे व्हीआर नको असेल तेव्हा चांगलं चित्र बघायला वायर काढा, परत लावा. हेडसेटवरचे निळे दिवे कॅमेऱ्याला दिसले पाहिजेत म्हणून खिडकीचा पडदा ओढायचा, मागची ट्यूब बंद करायची, आणि दिवसाढवळ्या घर अंधारात बघून शेजारच्या काकू विचारणार, लाईट गेलीय का तुमची?

पण एवढं सगळं केल्यावर आईच्या डोक्याला तो हेडसेट लावला तेव्हा जे झालं ते काही औरच. त्याचा पट्टा कपाळावर बसतो आणि पुढचा भाग खालच्या बटणाने पुढे सरकतो, त्यामुळे तिचा चष्मा आत नीट मावला, आणि मी तिला पिंजऱ्यातून समुद्रात सोडलं, तो शार्क येतो ना त्या गेममध्ये. आधी ती मासे बघत होती, "अरे केवढी पापलेटं", पापलेट नव्हती ती पण असो, आणि मग शार्क आला तेव्हा तिने सोफ्याचा हात गच्च धरला आणि दुसऱ्या हाताने माझा दंड, आणि "बंद कर बंद कर" म्हणत म्हणत मान मात्र वळवून वळवून तो कुठे गेला ते बघत होती. काढल्यावर म्हणाली डोकं गरगरतंय, मग चहा पिऊन म्हणाली परत एकदा लाव.

पुढे पीएस फाईव्ह आला. त्यावर पहिला व्हीआर चालतो, पण त्याच्या कॅमेऱ्याची पिन पीएस फाईव्हला बसतच नाही, त्यासाठी एक छोटा अडॅप्टर लागतो, सोनी तो फुकट देत होती, व्हीआरच्या त्या वायरींच्या डब्याचा सीरियल नंबर टाकून मागवायचा. बरं, पीएस फाईव्हचा स्वतःचा नवा कॅमेरा आहे तो चालत नाही, जुनाच पाहिजे. नवा रिमोट चांगला आहे पण त्याचा उजेड व्हीआरच्या गेमांना ओळखता येत नाही, तिथे पीएस फोरचा जुनाच रिमोट, डुअलशॉक फोर, बरा. आणि तोच डुअलशॉक फोर पीएस फाईव्हच्या नव्या गेमला लावला की अजिबात चालत नाही, पीएस फोरच्या गेमला चालतो. मशीन एक, रिमोट एक, गेमसुद्धा एकच असू शकतो, फक्त आवृत्ती नवी की जुनी त्यावर सगळं. मी हे एकदा भाच्याला समजावायला गेलो, तो मध्येच उठून पाणी प्यायला गेला तो आलाच नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये पीएस व्हीआर टू आला. वस्तू सुरेख आहे, एकच वायर, कॅमेरे हेडसेटमध्येच, डोळे कुठे बघतायत ते पण कळतं त्याला. आला तेव्हा किंमत 550 डॉलर, आणि ज्याला तो लावायचा तो पीएस फाईव्ह तेव्हा 500 डॉलरचा, म्हणजे नाकापेक्षा मोती जड! आणि एवढं देऊन पहिल्या व्हीआरचे गेम त्यावर चालत नाहीत. कंपनीचं म्हणणं असं की हा पुढच्या पिढीचा अनुभव आहे, ट्रॅकिंग वेगळं, कंट्रोलर वेगळे. मला तांत्रिक कारण पटतं. तरी पण ज्या माणसाने पहिल्या दिवसापासून या व्हीआरवर विश्वास टाकून पैसे घातले त्यालाच तुम्ही सांगताय की तुझं सगळं आता त्या जुन्या डब्याला बांधलेलं, नवीन पाहिजे तर नव्याने घे, हे काही बरोबर नाही. काही गेमवाल्यांनी आपणहून नवी आवृत्ती फुकट दिली त्यांचं भलं होवो.

आता एक्स्ट्रा कंटेंट. पूर्वी हा पण हातात धरता यायचा हे आताच्या पोरांना खरं वाटत नाही. 1994 मध्ये सेगाची सॉनिक अँड नकल्स या गेमची कॅसेट आली, तिच्या डोक्यावर झाकण होतं, ते उघडून त्यात जुनी सॉनिक टूची कॅसेट खोचायची, आणि जुन्या गेममध्ये नवीन पात्र खेळायला मिळायचं. कॅसेटवर कॅसेट, मशीनवर टॉवर. डाउनलोड नाही, अकाउंट नाही, ज्याच्याकडे दोन्ही कॅसेट त्याचा गेम आजही तसाच चालेल. मला तर हे डीएलसीचं, म्हणजे गेमला वरून विकत घेऊन जोडायच्या भागाचं, सगळ्यात प्रामाणिक रूप वाटतं.

मग 2006 ला ऑब्लिव्हियन नावाच्या गेममध्ये घोड्याला चिलखत विकलं, अडीच डॉलरला. लोक काय हसले तेव्हा, घोड्याचं चिलखत म्हणजे चेष्टेचा विषय झाला, आणि आज भाचा वाढदिवसाच्या पैशातून टोपी घेतो ती गेममधली आणि कोणी हसत नाही, मी पण नाही. 2025 मध्ये त्या गेमची नवी आवृत्ती आली तर तिच्या महागड्या एडिशनमध्ये परत नवीन घोड्याचं चिलखत. कंपन्यांना विनोदबुद्धी असते असं म्हणायचं की आपल्याला लाज नसते, ठरवा.

आपल्याकडे अजून एक भानगड, रीजन. प्लेस्टेशनची अमेरिकेतून आणलेली डिस्क इथल्या मशीनवर बिनधास्त चालते, त्यामुळे न्यू जर्सीचा मावसभाऊ येताना दोन गेम आणतो आणि आपण खूश. पण डीएलसी घ्यायला गेलं की डिस्कचं रीजन आणि स्टोअरचं रीजन जुळावं लागतं, भारतातल्या अकाउंटवरून घेतलेली डीएलसी त्या अमेरिकन डिस्कला सहसा लागत नाही. बाहेर हे सगळं छोट्या अक्षरात असतं. बॉक्सच्या मागे तो रीजनचा कोड बघून घ्यायचा, एवढंच करता येतं.

आणि दुकानंच बंद होतात त्याचं काय. निन्टेन्डोच्या वी यू आणि थ्रीडीएस या मशीनचं ऑनलाइन दुकान मार्च 2023 ला, एक्सबॉक्स 360 चं जुलै 2024 ला. घेतलेलं अजून उतरवता येतं, पण आज कोणी वी यूची जुनी डिस्क हौसेने घेतली तर तिची डीएलसी विकत घ्यायची म्हटली तरी मिळणार नाही, पैसे खिशात असून. पीएस थ्रीचं दुकान पण 2021 ला बंद करणार होते, लोकांनी एवढा आरडाओरडा केला की महिन्याभरात निर्णय फिरवला. ओरडावं लागतं, कोणी आपणहून काही ठेवत नाही.

तर सांगायचं म्हणजे मध्यंतरी मी तो पहिला व्हीआर विकायला काढला, आई आता खेळत नाही आणि हॉलमध्ये वायरी. एकाचा फोन आला, "दादा, पीएस फाईव्हला चालतो ना?" म्हटलं चालतो, पण अडॅप्टर लागतो, कॅमेरा जुना लागतो, रिमोट जुना ठेवा, आणि यावर व्हीआर टूचे गेम चालत नाहीत आणि याचे त्यावर चालत नाहीत. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "दादा, ते मूव्ह कंट्रोलर वेगळे देणार का?"