जेसीबी गेल्यावर उरते ती जमीन : आमची वाटचाल

आमची फर्म पुण्यात लँडस्केपिंगची कामं घेते. कारखान्यांचे हरितपट्टे, सोसायट्यांचे पोडियम (पार्किंगच्या स्लॅबवरच्या बागा), शाळांची आवारं. पहिल्या कामापासून एक गोष्ट आम्ही सोडली नाही. बांधकाम संपल्यावर साइटवर जी जमीन उरते, ती बघूनच झाडांची यादी करायची. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवर हिरवे गोल काढलेले असतात. त्या गोलाखाली माती आहे की रोलर फिरवलेला भराव, हे ड्रॉइंग सांगत नाही.

या धंद्यातल्या प्रत्येकाने ती जमीन पाहिली आहे. वरची काळी माती पाया खणतानाच डंपरने बाहेर जाते. वरचा 20 सें.मी. थर काढून वेगळा साठवावा, ही अट मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीत लिहिलेली असते. पण लँडस्केपवाल्याला साइट मिळते तेव्हा त्या ढिगाचा मागमूस नसतो. उरतो तो मुरमाचा भराव, त्यात विटांचे तुकडे, वाळलेला गिलावा, मिक्सर धुतलेलं सिमेंटचं पाणी. सिमेंट-चुन्यामुळे सामू (पीएच) 8 च्या वर जातो आणि जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. मग सोनचाफा, अनंत, इक्झोरा यांची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माळी युरिया टाकत राहतो, त्याने काही होत नाही.

अशा जमिनीला झाडं शोधायला लांब जावं लागत नाही. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा दगड आहे, चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं. तिथे सालई, गणेर, मेडशिंगी, काळा कुडा, पळस, धायटी, निर्गुडी शेकडो वर्षं कुणी पाणी न घालता उभी आहेत. भरावाच्या साइटवर आमची यादी इथून सुरू होते.

नुसतं ‘देशी’ म्हणून भागत नाही, हे इथेच सांगतो, कारण हल्ली प्रत्येक टेंडरमध्ये तो शब्द असतो. सीता अशोक देशी आहे, पण तो ओलाव्याचा आणि सावलीचा. काचेच्या इमारतीच्या पश्चिमेला लावला की एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपतात. सुरंगी, नागचाफा, उंडी ही दमट हवेची माणसं. चाकणच्या माळावर त्यांचे हाल होतात. तामण आपलं राज्यपुष्प, पण ते मूळचं ओढ्याकाठचं. त्याला टाकीच्या ओव्हरफ्लोजवळ किंवा नाल्याच्या कडेला जागा द्या, तिथे ते दरवर्षी जांभळं होतं. पार्किंगमध्ये लावलं तर जगतं आणि खुरटतं.

सुरुवातीची आमची खरी ताकद म्हणजे मुळशीकडचे रोपवाटिकावाले भागीदार. त्या वेळी बाजारात पळस, मेडशिंगी, काळा कुडा यांची रोपं कुणी ठेवतच नव्हतं. त्यांनी ती बियांपासून केली. कडुनिंबाच्या निंबोळ्या वेचल्या की गर धुवून दोन-तीन आठवड्यांत पेरल्याच पाहिजेत, पुढे उगवण घसरते. जांभळाचं बी तर वाळवायचंही नाही, खाल्लं की पेरलं. बहाव्याच्या बियांचं कवच दगडासारखं, त्यावर उकळतं पाणी ओतून रात्रभर तसंच निवू द्यावं लागतं. फुगलेल्या बिया पेरायच्या, न फुगलेल्यांना पुन्हा पाणी. पळसाचं सोटमूळ पहिल्याच वर्षी पिशवीचं बूड शोधतं. म्हणून पळस त्यांनी कधी मोठ्या पिशवीत वाढवला नाही. आम्ही शक्य तिथे मे-जूनमध्ये गोळा केलेलं ताजं बी साइटवरच टोकतो, एका ठिकाणी तीन. सालईचे मनगटाएवढे जाड फाटे पावसाआधी दीड-दोन फूट खोल रोवले की फुटतात.

त्यांच्याकडून रोप घेताना आम्ही उंची विचारत नाही, पिशवीतलं वय विचारतो. 6 बाय 8 इंची पिशवीत दुसरा पावसाळा काढलेलं रोप कितीही डौलदार दिसो, आत मुळं गोल फिरलेली असतात. ते लावलं तर चार-पाच वर्षांनी, झाड अंगाने भरल्यावर, तीच मुळं बुंध्याला आवळतात आणि वाऱ्यात झाड बुडापासून हलायला लागतं. 12 बाय 12 च्या पिशवीतलं, अंगठ्याएवढ्या खोडाचं, तीन-चार फुटांचं रोप आमच्या मुरमात सगळ्यात लवकर पाय रोवतं.

आता अवजारांचं. लोक खड्डे घ्यायला जेसीबी लावतात, आम्हीही लावतो. पण शेवटचं काम पहारेचं. साडेपाच फुटी, एक टोक छिन्नीसारखं आणि दुसरं अणकुचीदार अशी लोहाराकडून पाजून आणलेली पहार आमच्या प्रत्येक टोळीकडे असते. जेसीबीच्या बकेटने खड्ड्याच्या भिंती घासून गुळगुळीत होतात आणि बूड दाबलं जातं. पावसाळ्यात त्याचा हौद होतो, पाणी आठवडाभर तसंच राहतं आणि मुळं कुजतात. म्हणून 3 बाय 3 बाय 3 फुटी खड्डा झाला की पहारेने चारी भिंती खरवडायच्या आणि बुडात चार कोपऱ्यांत व मध्ये दीड-दोन फूट खोल भोकं मारायची. बुडात विटांचे तुकडे किंवा खडी टाकून निचरा होत नाही. उलट पाणी त्या थराच्या वर, मुळांपाशी अडतं. मग खड्डा पाण्याने भरून दुसऱ्या दिवशी बघायचं. पाणी उतरलं तर ठीक. नसेल उतरलं तर उताराकडे चर काढा, नाहीतर तिथे अर्जुन किंवा करंज लावा, त्यांना ओल सहन होते.

भरताना निम्मा तरी खणून निघालेलाच मुरूम परत घाला. पूर्ण खड्डा पोयट्याने आणि खताने भरला तर मुळं तेवढ्यातच राहतात, बाहेरच्या मुरमात शिरत नाहीत. आमचं प्रमाण असं: मुरूम दोन भाग, तांबडी माती एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग, वर खड्ड्यामागे किलोभर निंबोळी पेंड. कच्चं शेण नको, त्यात मुळं खाणारी हुमणी अळी येते. माती पुढे खाली बसते, म्हणून रोपाचा गळा जमिनीच्या दोन इंच वरच ठेवायचा. वर तीन इंच पालापाचोळा, खोडापासून चार बोटं लांब.

एवढी काळजी घेऊन उभं केलेलं काम आमच्याच डोळ्यांदेखत उखडलं गेलं, आणि फर्म बंद पडायची वेळ आली. ते इथे लिहायलाच हवं.

चाकण पट्ट्यातल्या एका मोठ्या कारखान्याचा हरितपट्टा आम्ही घेतला होता, क्षेत्राच्या 33 टक्के भागात झाडं हवीत या अटीतला. पळस, काटेसावर, बहावा, मेडशिंगी, काळा कुडा, शिवण आणि मधून मधून करंज-कडुनिंब. जुलैत चांगले पाऊस झाल्यावर लागवड झाली, दिवाळीपर्यंत फुटीही निघाल्या. फेब्रुवारीअखेर त्यांचे सल्लागार बिलासाठी मोजणीला आले. पानगळीचे दिवस. पानं नसलेलं प्रत्येक रोप त्यांनी ‘मृत’ म्हणून यादीत लिहिलं. करारात दहा टक्क्यांपेक्षा जास्त मर झाली तर बिल थांबवायचं असं कलम होतं, ते लागू केलं आणि रिटेन्शनही, म्हणजे बिलांतून राखून ठेवलेली रक्कमही, जप्त झालं. आमच्या सुपरवायझरने नखाने साल खरवडून आतला हिरवा पापुद्रा दाखवला, फांदी वाकवून दाखवली: मेलेली काटकन मोडते, जिवंत लवते. कुणी खाली वाकून पाहिलं नाही.

मार्चमध्ये तेच काम दुसऱ्या फर्मला गेलं. त्यांनी जेसीबी घालून जिवंत रोपं काढली, दोन्ही बाजूंनी कोनोकार्पस या झपाट्याने वाढणाऱ्या परदेशी झाडाची भिंत उभी केली, गेटपाशी फॉक्सटेल पाम लावले आणि बाकी सगळीकडे तयार हिरवळीच्या लाद्या अंथरल्या. उद्घाटनाच्या दिवशी सगळं हिरवंगार होतं. ट्रान्सफॉर्मर यार्डामागचा एक कोपरा त्यांच्या हातून राहिला होता. तिथला आमचा बहावा आणि काळा कुडा मे महिन्यातच फुटला, जून लागताच शिवणही. आम्ही तारखेसह फोटो पाठवले. उत्तर आलं नाही, पैसेही आले नाहीत. रोपवाटिका, टँकर, मजुरी अशी सगळी देणी अंगावर राहिली, पिकअप विकावी लागली.

त्या फर्मची जाहिरात होती ‘100 टक्के जगण्याची हमी’. त्यामागचं तंत्र धंद्यातल्यांना ठाऊक आहे. आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांमधून बारा-पंधरा फुटी झाडं ट्रकने येतात, बुंध्याला चिकण मातीचा घट्ट गोळा. तो तसाच मुरमाच्या खड्ड्यात ठेवला की पाणी गोळ्याच्या बाजूने निघून जातं. खड्डा ओला दिसतो आणि आतला गोळा वाळतो. मुळं बाहेर येत नाहीत, म्हणून वळवाच्या वाऱ्यात झाड आडवं होतं. मेलेलं झाड रातोरात बदललं की हमी पुरी. कुणाला अशी झाडं लावायचीच असतील तर गोळा पाण्यात भिजवून बाहेरची दोन इंच माती हाताने मोकळी करा, सळीने गोळ्यात भोकं पाडा आणि तीन बाजूंनी बांबूचा आधार द्या.

हिरवळीचा हिशोबही मांडतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दिवसाला पाच ते सात मि.मी. पाणी उडतं, म्हणजे चौरस मीटरमागे पाच ते सात लिटर. हजार चौ.मी. लॉनला रोज पाच-सात हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग, रोज. मुरमात मुरलेल्या मेडशिंगीला तिसऱ्या वर्षानंतर काहीच लागत नाही. आणि कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरात सरकारने 2023 मध्ये बंदी आणली. मुळं पाइपांत शिरतात आणि फुलोऱ्याच्या दिवसांत श्वासाचे त्रास होतात, या तक्रारी तिथेही आमच्यासारख्यांनी केल्याच असतील.

आम्हाला त्यातून उभं केलं भोसरीतल्या एका मशीन शॉपच्या मालकांनी. त्यांच्या आवारात भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये जेमतेम दोन मीटरची पट्टी होती. त्यांनी पुढच्या वर्षाच्या देखभालीचे पैसे आगाऊ दिले आणि म्हणाले, “झाड कधी झडतं ते मला कळतं, माझं गाव जुन्नरकडे.” त्या पट्टीत बहावा, भोकर, काळा कुडा, निर्गुडी आणि भिंतीलगत करवंदाचं कुंपण आहे. बहाव्यावर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या पडून पानं फस्त झाली, तेव्हा त्यांनी फवारणी मागितली नाही. तीन आठवड्यांत झाड पुन्हा पानांनी भरलं. असा गिऱ्हाईक मिळाला तर त्याच्या कामाला पहिली टोळी पाठवावी, आम्ही आजही पाठवतो.

पुढची वर्षं कामं मिळत गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. करार मात्र बदलला. आता प्रत्येक करारासोबत पानगळीचं कॅलेंडर जोडतो: काटेसावर डिसेंबर ते मार्च, पळस आणि पांगारा फेब्रुवारी-मार्च, सालई जानेवारी ते मे, बहावा मार्च-एप्रिल. मर मोजायची ती 30 जूननंतर आणि दोन्ही बाजूंच्या माणसांनी साल खरवडून. गेट आणि रिसेप्शनसमोर सदाहरित किंवा जवळपास सदाहरित झाडं, करंज, बकुळ, कडुनिंब. पानगळीची झाडं मागे, निम्म्यापेक्षा कमी. ज्यांना हे कलम मान्य नाही त्यांचं काम आम्ही घेत नाही. तरुण ठेकेदारांनीही घेऊ नये.

पाण्याबद्दलही सांगून ठेवतो, कारण सगळी झाडं तिथेच मरतात. पहिला उन्हाळा आठवड्यातून दोनदा वीस लिटर, दुसरा उन्हाळा आठवड्यातून एकदा तीस, तिसरा पंधरवड्यातून एकदा, मग बंद. ड्रीपर खोडाला चिकटून ठेवू नका. दरवर्षी फूटभर बाहेर सरकवा, मुळं मागे येतात. एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं) पाणी असेल तर आधी क्षार तपासा. खारट पाणी करंज, भेंड, कडुनिंब, कण्हेर सोसतात. सोनचाफा सोसत नाही. सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) धुतलेलं मिठाचं पाणी बागेकडे वळवलेलं असेल, तर झाडं बदलण्याआधी ते पाइप बदला.

पोडियमवर वड, पिंपळ, उंबर, फायकस यांपैकी काहीही नको, वॉटरप्रूफिंग फाटतं. झुडपांना दीड-दोन फूट माती पुरते, लहान झाडांना तीन ते चार. ओली माती घनमीटरला दोन टनांच्या आसपास भरते, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनियरचा आकडा लेखी घ्या आणि मातीत कोकोपीट मिसळून वजन उतरवा. कुंती, पारिजातक, धायटी, कोरांटी, पांढरा कुडा तिथे छान राहतात.

पुढच्या जुलैत मेडशिंगी, शिवण किंवा काळा कुडा 12 बाय 12 च्या पिशवीत हवा असेल तर यंदाच्या उन्हाळ्यातच रोपवाटिकेला आगाऊ रक्कम देऊन सांगा. बी तेव्हाच गोळा होतं, आणि ऐन पावसात फोन केला तर गुलमोहरच मिळतो.