न घेतलेल्या निर्णयांचीही नोंद

आमची पोर्टफोलिओ साइट बाहेरून अगदी साधी दिसते. केलेले प्रकल्प, थोडं लेखन आणि संपर्काचं पान, एवढंच. आतून मात्र ती पुन्हा पुन्हा बांधली गेली आहे. सुरुवातीला बूटस्ट्रॅप आणि जेक्वेरी या तयार कोडच्या लायब्ररी, आणि एफटीपीने, म्हणजे फायली हाताने पाठवून, शेअर्ड होस्टिंगवर चढवलेली. मग साइटची पानं आधीच तयार करून देणारी साधनं: जेकिल, मग गॅट्सबी आणि आता ॲस्ट्रो. कॉलेज रोडवरच्या आमच्या छोट्या ऑफिसात यंदा एक मुलगा इंटर्न म्हणून आला. त्याने कोड उघडला आणि विचारलं, "ताई, फाँट गूगलवरून न घेता आपल्याच फोल्डरमध्ये का ठेवलेत?" उत्तर होतं, पण ते माझ्या आणि आता पुण्यात असलेल्या माझ्या भागीदार मैत्रिणीच्या डोक्यात होतं. रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, त्याबद्दल एक ओळ नव्हती. तेव्हा ठरवलं, या साइटच्या रचनेचा इतिहास नीट लिहून काढायचा.

पद्धत मी नवी शोधली नाही. सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये मांडलेली आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्डची (एडीआर), म्हणजे रचनेच्या निर्णयांच्या नोंदीची, रीत घेतली. प्रत्येक मोठ्या निर्णयाची एक छोटी मार्कडाउन (साध्या मजकुराची) फाइल, कोडच्याच शेजारी. तिच्यात शीर्षक, संदर्भ, निर्णय, स्थिती आणि परिणाम. फायलींना ओळीने क्रमांक, आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा वापरायचा नाही. निर्णय बदलला तरी जुनी नोंद पुसत नाहीत. तिची स्थिती बदलून कोणत्या नव्या नोंदीने तिची जागा घेतली ते लिहितात. पंचवटीतल्या तीर्थपुरोहितांच्या नामावळीच्या वह्या पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटेल. पणजोबांची नोंद तशीच राहते आणि पणतू आपली ओळ खाली घालतो.

खरं काम पुरावे गोळा करण्याचं होतं. कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या गिट या साधनातून बरंच मिळतं, पण नीट विचारावं लागतं. त्यातली ब्लेम ही आज्ञा फक्त एखाद्या ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला ते सांगते. एखादी लायब्ररी कधी आली आणि कधी गेली, हे शोधायला गिट लॉगचा, म्हणजे बदलांच्या यादीचा, पिकॅक्स शोध (एखादा शब्द कोणत्या बदलात आला किंवा गेला ते दाखवणारा) जास्त उपयोगी पडला, आणि त्याहून जास्त वापरलेल्या लायब्ररींची यादी असलेल्या पॅकेज डॉट जेसन या एकाच फाइलचा जुन्यापासून नव्यापर्यंतचा इतिहास. तारखांकडेही लक्ष हवं. कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बदलाला, दोन तारखा असतात, लेखकाची आणि कमिट करणाऱ्याची. रीबेस केलं, म्हणजे जुने कमिट नव्या पायावर पुन्हा रचले, की दुसरी बदलते, पहिली सहसा तशीच राहते. लॉग एरवी पहिलीच दाखवतो, म्हणून दोन्ही मागवून पाहिल्या. एफटीपीच्या काळात गिटच नव्हतं. तिथे वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहातली जुनी पानं, झिप फायली आणि ग्राहकांशी झालेले मेल यांच्यावर भिस्त. वेबॅकमध्ये पान मिळतं, पण त्याची सीएसएस (मांडणीची फाइल) किंवा चित्रं कधी कधी नसतात, त्यामुळे त्यावरून साइट कशी दिसत होती याचा निष्कर्ष जपूनच काढायचा.

प्रत्येक जुन्या नोंदीत मी दोन तारखा घातल्या, निर्णय कधीचा आणि नोंद कधी लिहिली. शिवाय 'पुरावा' असा एक जास्तीचा रकाना केला: कमिट, मेल, की नुसती आठवण. मैत्रिणीशी फोनवर बोलून जे लिहिलं, तिथे 'आठवण' असंच लिहिलं आहे. वाचणाऱ्याला कशावर किती भरवसा ठेवायचा ते कळायला हवं.

आता त्या फाँटचं. कोडमधून इतकंच कळतं की एका कमिटमध्ये गूगल फाँट्सचा दुवा गेला आणि नोटो सान्स देवनागरीच्या फायली आपल्या सर्व्हरवर आल्या. कारण वेगळंच होतं. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने निकाल दिला की परवानगीशिवाय गूगलच्या सर्व्हरवरून फाँट आणल्याने वाचणाऱ्याचा आयपी पत्ता तिकडे जातो, आणि हा त्याच्या खासगीपणाचा भंग आहे. भरपाई १०० युरो. आमच्या एका ग्राहकाचे भागीदार जर्मनीत होते. त्यांनी आमची साइट पाहून हाच प्रश्न विचारला. दुसरं कारण तांत्रिक. पूर्वी म्हणायचे, सगळ्या साइट एकाच ठिकाणचा फाँट वापरतात, म्हणून तो ब्राउझरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याने जपून ठेवलेल्या फायलींत, आधीच असतो. पण ऑक्टोबर २०२० मधल्या क्रोम ८६ पासून कॅश साइटनुसार वेगळी झाली आणि तो फायदा संपला. ही दोन्ही कारणं माहीत नसतील तर उद्या कोणीही 'वजन कमी करूया' म्हणून त्या फायली काढून दुवा परत आणेल, आणि कोड त्याला अडवणार नाही.

सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या न घेतलेल्या निर्णयांच्या नोंदी. जेकिलकडे जाताना आम्ही वर्डप्रेसचा गंभीर विचार केला होता. मैत्रिणीला लेखन टाकायला ते सोयीचं पडलं असतं. डेटाबेस आणि प्लगइन अद्ययावत ठेवण्याचं काम दोघींना नको होतं. या चर्चेचा रिपॉझिटरीत मागमूस नाही, असणारही नाही. जुन्या मेलमधून ती उचलून नोंदीत बसवली.

गॅट्सबीची नोंद लिहिताना हात आवरावा लागला. फेब्रुवारी २०२३ मध्ये नेटलिफाय या होस्टिंग कंपनीने गॅट्सबीची कंपनी विकत घेतली, हे आज ठाऊक आहे. निवड केली तेव्हा नव्हतं. ते त्या नोंदीत घातलं तर तेव्हाचा निर्णय उगाच वेडगळ दिसतो. ते ॲस्ट्रोच्या नोंदीच्या संदर्भात गेलं. ॲस्ट्रोचे परिणामही दोन्ही बाजूंनी लिहिले. ब्राउझरकडे जावास्क्रिप्ट जवळपास जातच नाही, हे चांगलं. पण गॅट्सबीत ग्राफक्यूएल या माहिती मागवण्याच्या भाषेने एका जागी मिळणारी माहिती आता स्वतः जुळवावी लागते.

आकृत्यांसाठी सायमन ब्राउन यांच्या सी४ या, सॉफ्टवेअरची रचना चार पातळ्यांवर दाखवणाऱ्या, पद्धतीतल्या वरच्या दोनच पातळ्या काढल्या. एवढ्या छोट्या साइटला खालच्या दोन नकोत. प्रत्येक पर्वाच्या शेवटच्या कमिटला टॅग लावला आणि बिल्ड होऊन तयार झालेल्या पानांचं एचटीएमएल वेगळं जपून ठेवलं, कारण नोडच्या (गॅट्सबी ज्यावर चालतं त्या साधनाच्या) जुन्या आवृत्त्यांवर गॅट्सबी पुन्हा उभं करणं दिवसेंदिवस कठीण होत जाणार.

आता नियम असा की नवी डिपेंडन्सी (बाहेरची लायब्ररी) आणणाऱ्या पुल रिक्वेस्टसोबत, म्हणजे बदल सामील करण्याच्या विनंतीसोबत, नोंद हवीच. सध्या एक नोंद 'प्रस्तावित' आहे, संपर्काच्या फॉर्मची. इंटर्नने ती लिहिली आहे. त्याला सर्व्हरलेस फंक्शन, म्हणजे स्वतःचा सर्व्हर न सांभाळता चालणारा छोटा कोड, हवं आहे. माझ्या मते साधा मेलचा दुवा पुरेसा आहे आणि मी ते त्याच नोंदीत खाली, पर्याय म्हणून, कारणांसकट लिहिलं आहे. मैत्रिणीने अजून मत दिलेलं नाही.