लिंक डाउनची ओळ कुठे गायब व्हायची? – लॉगिंगची नोंद, आठवडा तिसरा

अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचा टॉवेलचा कारखाना आहे. तिथलं नेट रात्रपाळीत मध्येच तुटतं आणि आपोआप परत येतं. सकाळी जाऊन मायक्रोटिक राउटरचा लॉग, म्हणजे घटनांची नोंदवही, उघडला की फायरवॉलने अडवलेल्या (ड्रॉप) गोष्टींच्या ओळींशिवाय काही दिसत नाही. मेमरीत मुळात १००० ओळीच राहतात. बाहेरून पोर्ट चाचपणाऱ्यांच्या नोंदींनी त्या रातोरात भरतात आणि कामाची ओळ वाहून जाते.

मागच्या आठवड्यात मी सरळ उपाय केला होता: वॉर्निंग आणि त्याहून गंभीर पातळीच्याच ओळी ठेवायच्या, बाकी बंद. लॉग स्वच्छ झाला, पण नेट तुटल्याची नोंदही गेली. कारण मायक्रोटिकवर पोर्टची लिंक पडली की ती ओळ ‘इंटरफेस, इन्फो’ म्हणून येते: विषय इंटरफेस, पातळी इन्फो. सिसलॉग ही लॉगच्या ओळी पाठवण्याची प्रमाण पद्धत; तिच्या ० (सर्वांत गंभीर) ते ७ या उतरंडीत इन्फो म्हणजे ६. सिस्कोच्या राउटरवर हीच घटना ३ नंबरला, म्हणजे एरर म्हणून येते. पातळी हे राउटर बनवणाऱ्याचं मत असतं. म्हणून माझ्या मते आधी विषय निवडावा आणि पातळी मग लावावी.

या आठवड्यात तेच केलं. इन्फोच्या मूळ नियमात फायरवॉलपुढे उद्गारचिन्ह लावून तो विषय वगळला. इंटरफेस आणि पीपीपीओई (सेवा देणाऱ्याकडे लॉगिन करून होणारी जोडणी) हे विषय रिमोटला, म्हणजे दुसऱ्या यंत्राकडे, पाठवायचे होते. दोन्ही एकाच नियमात लिहिले, तर रात्रभर एक ओळ आली नाही. एका नियमातले विषय ‘आणि’ने जोडले जातात, ‘किंवा’ने नाही. दोन वेगळे नियम केले आणि ओळी सुरू झाल्या.

ओळी घ्यायला रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर आरसिसलॉग हा लॉग साठवणारा प्रोग्राम लावला; ओळी यूडीपीने (पोच न घेता पाठवण्याची पद्धत) ५१४ पोर्टवर येतात. हा रास्पबेरी पाय मुद्दाम कारखान्याच्या केबिनमध्येच ठेवला. जुळे सोलापुरात घरी ठेवला असता, तर नेट तुटल्याची बातमी त्याच तुटलेल्या नेटवरून यायची होती, आणि यूडीपी हरवलेलं पुन्हा पाठवत नाही. फॅसिलिटी, म्हणजे ओळ कुठल्या गटातली हे सांगणारी खूण, लोकल४ दिली. तिचा क्रमांक २०, त्याला ८ ने गुणून इन्फोचे ६ मिळवले की १६६; सिसलॉग ओळीच्या सुरुवातीला हाच आकडा लावतो. पायवर टीसीपीडंप (नेटवर्कवरून येणारं जसंच्या तसं दाखवणारा प्रोग्राम) लावला आणि ओळीच्या तोंडाशी कोनी कंसात तोच १६६ दिसला, तेव्हा फार बरं वाटलं.

मंगळवारी रात्री ओळ सापडली: २ वाजून १० मिनिटांनी ईथर१ (राउटरचं बाहेरच्या नेटचं पोर्ट) लिंक डाउन, काही सेकंदांत लिंक अप, मग पीपीपीओई पुन्हा जोडलेलं. उत्तर यातच होतं. फायबर तुटली असती तर पीपीपीओई पडलं असतं, पण ओएनयूपर्यंतची (फायबर जिथे येऊन संपते त्या डबीपर्यंतची) केबल जिवंत असल्याने ईथर१ची लिंक टिकली असती. इथे लिंकच गेली, म्हणजे ओएनयू बंद पडून चालू झाला. इतके दिवस मी सेवा देणाऱ्यांना फोन करत होतो.

ओएनयूला वीज कुठून येते असं मामांना विचारलं तर म्हणाले, ‘‘अरे, त्याचा अ‍ॅडाप्टर मागाशेजारच्या बोर्डाला आहे. माग सुरू झाला की भिंत हलते.’’ बघितलं तर सॉकेट सैल, पिनांवर सुताची धूळ बसलेली. केबिनमधल्या नव्या सॉकेटला अ‍ॅडाप्टर लावला.

बुधवार, गुरुवार, दोन्ही रात्रपाळ्यांत लिंक डाउनची एकही ओळ नाही. पुढच्या आठवड्यात डीएचसीपीचा (यंत्रांना आयपी पत्ते वाटण्याचा) विषय वेगळ्या फाइलमध्ये काढतो.