रस्ता पुढे जाणार आहे, हे सांगणारी पाटी

अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या उपनगरात नव्या वस्तीचा रस्ता शेताच्या कुंपणापाशी तुटतो. डांबर संपतं तिथे तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची आडवी फळी, आणि तिच्यावर पाटी: हा रस्ता पुढे वाढवला जाईल. पलीकडे अजून गवत असतं. पण घर घेणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, उद्या शेजारच्या वस्तीची वर्दळ आपल्या दारावरून जाणार. मग भांडण कशाचं?

बेळगावला ही पाटी हवी.

पोर्टलंडचा नियम असा. पाच एकरांवरच्या नव्या वस्तीत दर ५३० फुटांच्या आत आरपार रस्ता. ओढा-उतार आडवा आला, तर निदान ३३० फुटांना चालत, सायकलने जाण्याची वाट. नाइलाजाने ठेवलेली बंद गल्ली २०० फुटांच्या आतली, घरं २५ पर्यंत.

ही अक्कल अमेरिकनांनाही उशिराच आली. अमेरिकेत बंद गल्ल्यांच्या वस्त्यांची लाट १९९४ च्या सुमारास शिगेला पोहोचली होती, आणि त्या वस्त्यांत आजही कोथिंबिरीच्या पेंडीसाठी गाडी काढावी लागते. आपल्या गल्ल्यांना अरुंद म्हणून नावं ठेवतात, पण गणपत गल्ली तुंबली तर मारुती गल्ली आहे की! टिळकवाडीच्या पेठांत एक रस्ता खणला तर पुढच्याने जाता येतं.

वस्तीतले रस्ते एकमेकांना किती जोडलेत, याचा हिशेब सोपा आहे. रस्त्यांचे तुकडे मोजा, त्यांना चौक आणि बंद टोकं यांच्या बेरजेने भागा. आकडा जितका मोठा, तितक्या वाटा जास्त. सहा बाय सहाच्या जाळीत ३६ चौक, ६० तुकडे: १.६७. एकच तोंड, सहा चौक, बारा बंद टोकं असलेल्या लेआऊटमध्ये तोंड धरून १९ ठिकाणं, तुकडे १८: एकाच्याही खाली. म्हणजे कुठूनही कुठे जायला एकच वाट. एक टँकर आडवा लागला की सगळे अडकले.

आपल्या शहराबाहेर असे बंद लेआऊट होतात, कारण प्रत्येक सर्व्हे नंबरचा नकाशा वेगळा होतो. तीस फुटी रस्ता हद्दीपर्यंत येतो, शेजारच्या लेआऊटचा दहा-पंधरा फूट सरकून येतो, आणि मध्ये कंपाउंड उभं राहतं. मग शेजारच्या घरी जायलाही मेन रोड गाठायचा. याहून वाईट म्हणजे लेआऊट पाडणाऱ्याने रस्त्याच्या टोकाला स्वतःच्या नावावर ठेवलेली फूटभर पट्टी. ती विकत घेतल्याशिवाय शेजाऱ्याला आपला रस्ता जोडताच येत नाही.

प्लॉट बघायला जाल तेव्हा मंजूर नकाशा मागा. रस्ता हद्दीच्या रेषेला टेकतो की फूटभर अलीकडे थांबतो, ते भिंग लावून बघा.