सहा पौंड भांडवलाची सॉफ्टवेअर कंपनी

१९६२ साली ब्रिटनमध्ये सॉफ्टवेअर विकायला निघणे हा धंदा म्हणून जवळजवळ वेडेपणाच होता, कारण ती वस्तू बाजारात फुकट मिळत होती. संगणक बनवणाऱ्या कंपन्या यंत्राबरोबर प्रोग्रॅमही देऊन टाकत आणि त्याचे वेगळे पैसे मोजण्याची कल्पना ग्राहकाच्या मनात नसे. आयबीएमने यंत्राची आणि सॉफ्टवेअरची किंमत वेगळी करण्याचे जाहीर केले ते १९६९ मध्ये. अशा काळात स्टेफनी शर्ली यांनी सहा पौंड भांडवल घालून, घरावर कर्ज काढून आणि जेवणाच्या टेबलालाच कार्यालय मानून ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’ ही कंपनी काढली. ऑगस्ट २०२५ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्याविषयी जे काही वाचनात आले त्यात एक किस्सा हमखास होता. स्वतःच्या नावाने पाठवलेल्या पत्रांना उत्तरे येईनात, म्हणून पतीने सुचवल्यावरून त्या ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या आणि मग ग्राहकांच्या भेटी मिळू लागल्या. किस्सा खरा आहे आणि मजेदारही आहे, पण तो सांगून झाला की लोक तिथेच थांबतात. मला त्या सहीपेक्षा त्यांनी उभारलेल्या कंपनीची घडण जास्त विलक्षण वाटते.

त्यांचे मूळ नाव वेरा बुखताल. जन्म १९३३ मध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहरात झाला. वडील ज्यू होते आणि न्यायाधीश होते. नाझी राजवटीत त्यांचे पद गेले आणि कुटुंब व्हिएन्नाला जाऊन राहिले. जुलै १९३९ मध्ये, युद्ध सुरू होण्याच्या काही आठवडे आधी, पाच वर्षांची वेरा आपल्या नऊ वर्षांच्या बहिणीबरोबर ‘किंडरट्रान्सपोर्ट’ या बचाव मोहिमेतून इंग्लंडला पोहोचली आणि एका अनोळखी इंग्रज जोडप्याने तिला वाढवले. पुढे मुलींच्या शाळेत हव्या त्या पातळीचे गणित शिकवले जात नव्हते, म्हणून ते शिकायला तिला मुलग्यांच्या शाळेत जावे लागले.

शिक्षण संपताच त्यांनी लंडनमधील डॉलिस हिल येथील पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरी धरली. महायुद्धाच्या काळात टॉमी फ्लॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कोलोसस’ हे जर्मन गुप्त संदेश उलगडणारे यंत्र बांधले ते याच केंद्रात. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी वर्ग, असे सहा वर्षे करून त्यांनी गणिताची पदवी मिळवली. ब्रिटिश सरकारी सेवेत तेव्हा पुरुषांची आणि स्त्रियांची वेतनश्रेणी वेगळी होती. समान वेतन लागू झाले ते १९५५ ते १९६१ या काळात, तेही टप्प्याटप्प्याने. त्यानंतर एका खासगी संगणक कंपनीतही त्या राहिल्या, पण काम कितीही चांगले केले तरी एका पायरीच्या वर बाईला जागा नाही हे तिथेही दिसले, आणि स्वतःची कंपनी काढण्याचा निर्णय त्यातून झाला. पतीच्या परवानगीशिवाय बँकेत खातेही उघडता येत नव्हते, असे त्या काळाविषयी त्या सांगत.

कंपनीचे खरे भांडवल म्हणजे लग्नानंतर किंवा पहिल्या बाळंतपणाच्या वेळी नोकरी सोडलेल्या प्रशिक्षित स्त्रिया. त्या काळात संगणक क्षेत्रात स्त्रिया कमी नव्हत्या. मूल झाल्यावर मात्र त्यांना परत घेणारे कोणी नव्हते. मी स्वतः याच क्षेत्रात काम करते आणि आजही मुलाखतीत अशा उमेदवाराच्या बायोडेटातल्या मधल्या रिकाम्या वर्षांबद्दलचा प्रश्न सर्वांत आधी येतो, जणू त्या वर्षांत तिची बुद्धी गहाण पडली होती. शर्ली यांनी नेमक्या अशाच बायका शोधून काढल्या. पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांपैकी २९७ स्त्रिया होत्या, आणि बहुतेक जणी आपापल्या घरातून काम करत.

घरात संगणक नसताना घरातून प्रोग्रॅमिंग कसे होत असे, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. त्याचे उत्तर त्या काळच्या कामाच्या रीतीत आहे. प्रोग्रॅम आधी कागदावर तयार होई: प्रवाह-आकृती काढायची, मग कोडिंगच्या छापील तक्त्यांवर पेन्सिलीने एकेक सूचना लिहायची आणि ती ओळ न् ओळ डोळ्यांनी तपासायची. नंतर ते तक्ते कार्डांवर किंवा कागदी फितीवर छिद्रे पाडणाऱ्यांकडे जात आणि अगदी शेवटी भाड्याने घेतलेल्या यंत्रावर प्रोग्रॅम चालवून पाहिला जाई. यंत्राचा तास इतका महाग होता की शहाणा प्रोग्रॅमर त्याच्याकडे जाण्याआधी चुका कागदावरच संपवून टाकत असे. म्हणजे कामाचा मोठा भाग मुळातच टेबल, कागद आणि एकाग्रता एवढ्यावर होण्यासारखा होता. कार्यालयाची सक्ती सवयीपोटी होती. त्यामुळे अर्जदार बाईला विचारायचा एक महत्त्वाचा प्रश्न असे की तुमच्याकडे टेलिफोनची सोय आहे का. आपल्याकडे ऐंशीच्या दशकातही टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे हे ज्यांना आठवते, त्यांना ही अट किरकोळ वाटणार नाही.

अर्थात ग्राहकाला घरचे दर्शन घडवून चालत नव्हते. शर्ली यांनी टंकलेखनाच्या खडखडाटाची एक फीत तयार करून ठेवली होती. फोन आला की ती मागे सुरू करायची, म्हणजे बाळाच्या रडण्याऐवजी पलीकडच्या माणसाला गजबजलेले कार्यालय ऐकू येई. यात लबाडी आहे, पण ती मला अगदी क्षम्य वाटते.

त्या फितीच्या आडचे काम मात्र काटेकोर होते. नजरेसमोर नसलेल्या माणसाचे तास मोजता येत नाहीत, म्हणून पूर्ण झालेल्या कामाची ठरलेली रक्कम सांगण्यावर भर होता. अशी रक्कम सांगायची तर कामाचा अंदाज अचूक हवा आणि एकीचे अर्धवट काम दुसरीला उचलता यावे यासाठी नोंदी नीट हव्यात. या गरजेपोटी कंपनीने सॉफ्टवेअर लिहिण्याची आणि तपासण्याची जी मानके तयार केली, ती पुढे नाटोनेही स्वीकारली. ‘कर्मचाऱ्यांवर विश्वास ठेवा’ हे शर्ली यांचे सूत्र म्हणून सांगितले जाते, पण तो विश्वास भाबडा नव्हता. हाती आलेले काम कसून तपासले जाई, आणि बाई ते दुपारी करते की मूल झोपल्यावर रात्री, याची चौकशी होत नसे. काँकॉर्ड या ध्वनीपेक्षा वेगवान विमानाच्या ब्लॅक बॉक्ससाठीचे प्रोग्रॅमिंग अशाच घरी बसून काम करणाऱ्या स्त्रियांच्या गटाने केले. त्या गटाच्या प्रमुख ॲन मॉफॅट होत्या, आणि तान्ह्या मुलीला जवळ घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर काम करतानाचे त्यांचे छायाचित्र उपलब्ध आहे.

१९७५ मध्ये ब्रिटनमध्ये लिंगभेदविरोधी कायदा झाला आणि मुख्यतः स्त्रियांसाठी नोकऱ्या राखणारी ही कंपनीच बेकायदा ठरू लागली. स्त्रियांना समान संधी मिळावी म्हणून झालेल्या कायद्याने, ती संधी आधीच देऊन बसलेल्या संस्थेला पुरुष घ्यायला लावले. शर्ली यांनी कायदा पाळला आणि पुढे ही गोष्ट त्या हसत सांगत. माझ्या मते कायदा बरोबरच होता, पण हे हसणे त्यांना सोपे गेले नसणार.

घरची बाजू याहून अवघड होती. मुलगा जाइल्स १९६३ मध्ये जन्मला. बोलायला लागलेले ते मूल हळूहळू बोलायचे थांबले आणि त्याला तीव्र स्वमग्नता असल्याचे कळले. त्याला सांभाळणे आणि मंदीच्या काळात कंपनी तगवणे या दोन्ही ओझ्यांखाली सत्तरच्या दशकात त्या स्वतःही कोलमडल्या आणि त्यांना रुग्णालयात राहावे लागले. जाइल्सने बरीच वर्षे एका मोठ्या रुग्णालयात काढली आणि १९९८ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, तो गेला. यशस्वी बाईच्या चरित्रात असा भाग आला की लोक त्याला ‘प्रेरणादायी’ म्हणून मोकळे होतात. मला तो शब्द इथे लावावासा वाटत नाही.

कारकिर्दीतला त्यांचा सर्वांत धाडसी निर्णय मला नंतरचा वाटतो. १९८७ मध्ये त्यांनी कंपनीचा कारभार हिलरी क्रॉपर या दुसऱ्या कर्तबगार बाईकडे सोपवला आणि स्वतःची मालकी टप्प्याटप्प्याने कर्मचाऱ्यांच्या हाती दिली. कंपनीचा सुमारे चौथा हिस्सा त्यांनी कोणाकडून एक पैसाही न घेता स्वतःच्या वाट्यातून दिला. १९९३ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि १९९६ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले. ७० कर्मचारी दशलक्षाधीश झाले, पौंडांच्या हिशेबात. शर्ली यांच्याकडे आलेल्या पैशातले सुमारे सात कोटी पौंड त्यांनी दान केले: प्रायर्स कोर्ट ही स्वमग्न मुलांची शाळा त्यातून उभी राहिली आणि २००१ मध्ये ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटही. ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष त्या १९८९ मध्येच झाल्या होत्या, आणि २००० मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला.

कंपनीचे नाव पुढे एफआय ग्रुप झाले, मग झान्सा झाले, आणि २००७ मध्ये फ्रान्सच्या स्टेरियाने ती विकत घेतली. त्याआधीच तिच्या कामाचा मोठा वाटा भारतात, विशेषतः नोएडात, आला होता. ग्राहकाच्या कचेरीपासून दूर, टेलिफोनच्या आणि चोख नोंदींच्या भरवशावर सॉफ्टवेअर लिहिता येते हे इंग्लंडमधल्या घरांतून एकदा सिद्ध झाल्यावर ते काम समुद्रापलीकडे पाठवणे ही पुढची सरळ पायरी होती. मात्र नोएडाला जे पोहोचले ते अंतर होते. काम कुठे आणि केव्हा करायचे हे ठरवण्याची मुभा त्याच्याबरोबर आली नाही, आणि आपल्याकडच्या सॉफ्टवेअर उद्योगाने पुढची काही दशके कार्यालयातल्या हजेरीवरच चालवली.